घर आणि दवाखाना यांच्या मधल्या पायऱ्या

"माय सध्या कोणाकडं हाय?" मानवतच्या मोंढ्यात किंवा पाथरीकडे जाणाऱ्या एसटीत हा प्रश्न सहज कानावर पडतो, आणि उत्तरही तितक्याच सहजपणे येते, "ह्या महिन्यात धाकल्याकडं. पोळ्यानंतर थोरल्याकडं जाईल." भावांच्या वाटण्या झाल्या की जमीन, विहिरीचे पाणी आणि बैलबारदाना यांच्यासोबत आईबापांची पाळीही ठरून जाते. काही घरांत आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे. शहरी वाचकाला हे निर्दय वाटेल, पण परभणी जिल्ह्यात म्हातारपणाची जी काही व्यवस्था आहे ती बहुतांशी हीच. म्हातारी आपल्या पायांनी एका दारातून दुसऱ्या दारात जाते तोवर ती निभतेही. ती घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, किंवा रात्री उठून कडी काढून चालू लागली, की पाळीचा हिशेब बिघडतो आणि पुढे काय करायचे ते कोणालाच सुचत नाही.

निवृत्तांच्या मोठ्या वसाहती ह्या 'पुढे काय'चेच पैसे घेतात. आज स्वतंत्र फ्लॅटमध्ये राहा. उद्या आंघोळीला माणूस लागला तर त्याच आवारात मदतनीस मिळेल. अंथरूण धरले तर शेजारच्या इमारतीत परिचारिका आहे, स्मरण गेले तर त्यासाठी वेगळा विभाग आहे. पत्ता मात्र एकच. महाराष्ट्रात अशी पायऱ्यापायऱ्यांची काळजी कुठवर आली आहे, तिथले राहणे कसे असते आणि मानवतसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत तिच्यातले काय पोचते, हे पाहण्यासारखे आहे.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. सरकारी लोकसंख्या-अंदाजानुसार महाराष्ट्रात ते २०२१ साली ११.७ टक्क्यांवर गेले आणि २०३१ मध्ये १५ टक्क्यांच्या घरात जाईल. पण काळजीचा विचार करताना नुसत्या वयावरून फारसे काही कळत नाही. ऐंशीचा माणूस शेतावर चक्कर मारून येतो आणि पासष्टीचा अर्धांगवायूने बाजेवर असतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या 'लासी' ह्या देशव्यापी पाहणीत नेमके हे मोजले गेले. साठीपुढच्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांना रोजच्या अगदी मूलभूत कामांपैकी निदान एका कामात अडचण होती. पैशाचा हिशेब, औषधे वेळेवर घेणे, बाजारहाट अशी जरा वरची कामे धरली, तर हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर जाते. मूलभूत कामांची यादी अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली घालून दिली: आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, बाजेवरून उठून बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. त्यांचे निरीक्षण असे, की ह्या क्षमता साधारण ठरावीक क्रमाने जातात. आंघोळ आधी, घास तोंडात घालणे सर्वांत शेवटी. पायऱ्यांच्या काळजीची सारी कल्पना ह्या क्रमावर उभी आहे.

जपानने २००० साली त्यावर आख्खी विमायोजना उभारली. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा, गरज लागली की तपासणी होऊन सात श्रेणींपैकी एक ठरते आणि श्रेणीनुसार घरी मदत, दिवसाचे केंद्र किंवा निवासी काळजी मिळते. जर्मनीने अशी विमायोजना १९९५ मध्येच आणली होती. तिथे २०१७ पासून पाच श्रेणी आहेत. दोन्हीकडे माणसाला किती मदत लागते हे आधी ठरते आणि तो कुठे राहणार ते त्यानंतर. आपल्याकडे उलटे होते. इमारत आधी बांधली जाते आणि मग तिच्यात बसेल असा म्हातारा शोधला जातो.

महाराष्ट्रातल्या इमारतींचा इतिहास तसा जुना आहे. पुण्याच्या नव्या पेठेतल्या 'निवारा'चे मूळ १८६० च्या दशकातल्या डेव्हिड ससून अनाथ पंगु गृहात आहे. ससून यांची देणगी होती ती निराधारांसाठी. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे वृद्धाश्रम म्हणजे ज्याला कोणी नाही त्याची जागा हीच समजूत राहिली. १९९५ मध्ये युती सरकारने 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना काढली. जिल्ह्याजिल्ह्यात शंभर जणांची सोय करायची, काही जागा शुल्क भरणाऱ्यांसाठी आणि काही मोफत, असा तिचा आराखडा होता. मराठवाड्यातही ह्या नावाचे वृद्धाश्रम उभे राहिले. छत्रपती संभाजीनगरच्या पैठण रस्त्यावरचा बराच परिचित आहे. योजना चांगली होती, पण ती एका पायरीची होती. चालता-फिरता, स्वतःचे स्वतः करणारा म्हातारा तिने डोळ्यांपुढे ठेवला होता.

मध्यमवर्गाच्या वसाहती आल्या त्या २००० नंतर, आणि त्या पुण्यात आल्या हे साहजिकच होते. मुले अमेरिकेत, पेन्शन चांगली, हवा बरी. परांजपे स्कीम्सची 'अथश्री' पाषाणला सुरू झाली आणि नंतर पुण्याच्या इतर भागांत पसरली. लवासात आशियानाची 'उत्सव' झाली. मुंबईच्या डिग्निटी फाउंडेशनने नेरळजवळ, माथेरानच्या पायथ्याशी, ज्येष्ठांची टाउनशिप वसवली आणि तिच्यात डिमेन्शियाच्या रुग्णांच्या देखभालीचाही विचार केला. पायऱ्यांची कल्पना महाराष्ट्रात गंभीरपणे घेणाऱ्या पहिल्या काही प्रयोगांत तिचे नाव घ्यावे लागेल. 'इपोक एल्डर केअर'सारख्या कंपन्यांनी पुण्यात स्वतंत्र राहण्याची पायरी गाळून थेट मदतीसह राहण्याची आणि स्मृतिभ्रंशाची अशी घरे काढली.

ह्या वसाहतींतले राहणे बाहेरून वाटते त्याहून साधे असते. सकाळचा चहा, बागेत फेऱ्या, नऊच्या सुमाराला नाश्ता, वर्तमानपत्रावरून वाद, दुपारी विश्रांती, संध्याकाळी भजन किंवा ब्रिज, रात्री साडेसातला जेवण. सणवार हौसेने होतात. कोजागिरी आणि दिवाळी पहाटेला नातवंडे येतात, दुसऱ्या दिवशी आवार पुन्हा शांत होते. भांडणे असतात, आणि बहुतेक मेसवरून. मराठवाड्यातून मुलांच्या आग्रहाने तिकडे गेलेल्या माणसाची पहिली तक्रार भाकरीची असते. आठवड्यातून दोनदा, तीही गार, अशी भाकरी ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला भाकरी वाटतच नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचे वाण काढले, 'परभणी मोती'सारखे नाव दिले. त्या गावच्या माणसाला दात गेल्यावर दुधात कुस्करायला गरम भाकरी हवी असते आणि ती त्याला तीन मऊ पोळ्यांत सापडत नाही. गोष्ट किरकोळ दिसते, पण खाणे कमी झाले की वजन उतरते, वजन उतरले की तोल जातो आणि पडणे होते. चांगल्या व्यवस्थापनाला हे माहीत असते. वाईट व्यवस्थापन 'आजोबा हट्टी आहेत' म्हणून मोकळे होते.

खरी कसोटी लागते पायरी बदलताना. स्वतंत्र फ्लॅटमधून मदतीच्या मजल्यावर जायची वेळ आली की माणसे महिनोन्‌महिने ते लपवतात. आंघोळ टाळतात, पडल्याचे सांगत नाहीत, शेजाऱ्याला गप्प करतात. मजला बदलला की जेवणाच्या टेबलावरची जागा बदलते आणि ब्रिजचा गट सुटतो. जोडप्यात एकाला मदत लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा तर संसारच दोन मजल्यांवर विभागला जातो. माझ्या मते अशा वसाहतीत घर घेणाऱ्याने बाग आणि जिम पाहण्याआधी हे दोन प्रश्न विचारावेत: मजला बदलायचा हे कोण ठरवते, आणि बदलल्यावर महिन्याचे पैसे किती होतात? माहितीपुस्तिकेत ह्यावर सहसा ओळभरच मजकूर असतो.

नियमनाचा भर अजून भिंतींवरच आहे. केंद्राने २०१९ मध्ये निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान अटी घातल्या: व्हीलचेअर जाईल असे ९०० मिलिमीटर रुंद दार, उतरते रॅम्प, लिफ्ट, धरायला दांडे, न घसरणारी फरशी, वीज गेली तर पर्यायी सोय. हे सारे आवश्यकच होते. पण रात्री दोन वाजता किती माणसांमागे एक परिचारिका असावी, हा बांधकामाचा प्रश्न नव्हे, त्यामुळे तो तिथे येत नाही.

पैशाचे म्हणाल तर मदतीसह राहण्याची पुण्यातली सोय साधारण महिना तीस-चाळीस हजारांपासून सुरू होते आणि डिमेन्शियाला त्याहून बरीच वर जाते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत निराधार वृद्धाला महिना दीड हजार मिळतात. तेही वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. ही रक्कम हजाराची दीड हजार झाली ती २०२३ मध्ये.

ह्या दोन आकड्यांच्या मधली दरी गरीब-श्रीमंताची म्हणून सोडून देता येत नाही, आणि ते मानवतकडे पाहिले की कळते. मानवत कापसाची जुनी पेठ. जिनिंग, मोंढा, कल्याण-निर्मल महामार्ग, गावापासून दूर पडलेले 'मानवत रोड' स्टेशन. इथे म्हाताऱ्यांचे दोन वर्ग आहेत. हमाल, जिनिंगमधले कामगार, शेतमजूर यांना पेन्शन नाही. जिल्हा परिषदेचे शिक्षक, महसूल किंवा बँकेतून निवृत्त झालेले, यांना बरी पेन्शन आहे. ह्या दुसऱ्या वर्गाजवळ काळजी विकत घेण्यापुरते पैसे आहेत, पण गावात ती विकतच मिळत नाही. पक्षाघात झालेल्या निवृत्त गुरुजींना महिना पंधरा हजार मोजायची तयारी असली, तरी मानवतमध्ये रोज येऊन व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट किंवा रात्रपाळीची शिकलेली मावशी मिळवणे कठीण. शेवटी पर्याय दोनच राहतात. मुलाच्या पुण्यातल्या वन-बीएचकेत जायचे, नाहीतर सुनेच्या जिवावर गावात राहायचे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकांना जुनी पेन्शन नव्हती, हे ध्यानात घेतले तर विकत घेऊ शकणारा हा वर्गही पुढे आक्रसणार आहे.

घरेही म्हातारपणाला सोयीची नाहीत. जुन्या माळवदी घरात ढाळजेचा उंबरा गुडघाभर, संडास असला तर परसात आणि तोही उकिडवे बसायचा. नव्या आरसीसी घरात चकचकीत फरशी आली आणि घसरण्याचा धोका वाढला. संडासात एक दांडा, कमोडची खुर्ची आणि रात्री जळणारा दिवा एवढे केले, तरी पडणे बरेच टळते. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साहित्यासाठी एकरकमी तीन हजार रुपये मिळतात. चष्मा, काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा यांसाठी ते चालतात. उपयोगी योजना आहे. काठी कोणत्या उंचीची घ्यावी हे सांगणारा माणूस मात्र योजनेत नाही.

दिवाळीनंतर आणखी एक गोष्ट घडते. परभणी आणि बीड जिल्ह्यांतल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या उन्हाळ्यातच परततात. मागे राहतात म्हातारी माणसे, आणि बऱ्याचदा त्यांच्या पदरात टाकलेली नातवंडे. वृद्धांच्या काळजीवरच्या लेखनात म्हातारा नेहमी काळजी घेतला जाणारा असतो. इथे सत्तरीची आजी पहाटे भाकरी थापून नातवाला शाळेत धाडते आणि तिच्या रक्तदाबाची गोळी संपली तर आणून देणारे घरात कोणी नसते. अशा घराला वृद्धाश्रम निरुपयोगी आहे, कारण आजी वृद्धाश्रमात गेली तर नातू कोणाकडे राहणार? तिला हवी आहेत महिन्याची औषधे घरपोच, आणि आजारी पडली तर दोन दिवस डबा.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम महाराष्ट्रात मार्च २००९ पासून लागू आहे. उपविभागीय अधिकाऱ्यापुढे साधा अर्ज करायचा, वकील लागत नाही, दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूदही त्यात आहे, फक्त ती शासनाच्या मर्जीवर सोडली आहे. आपल्या भागात सर्वांत कामाचे आहे ते कलम २३. मुलाला जमीन बक्षीसपत्राने देताना 'तो माझा सांभाळ करील' अशी अट असेल आणि त्याने सांभाळ केला नाही, तर हस्तांतर रद्द होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात ही अट असणे महत्त्वाचे मानले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. तरी शहाणपण हेच, की बक्षीसपत्र लिहिताना अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. मोंढ्याजवळचे मुद्रांकलेखक बहुधा ती सुचवत नाहीत, आणि मुलासमोर 'अट घाला' म्हणायला बापाला लाज वाटते. पीएम किसान आणि नमो शेतकरी योजनेने एक मजेशीर बदल घडवला आहे. सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात वर्षाला बारा हजार येतात, म्हणून आता काही म्हातारे 'फेरफार नंतर करू' म्हणू लागले आहेत. वृद्धांच्या संरक्षणासाठी काढलेल्या योजनांना जे जमले नाही, ते शेतीच्या योजनेने थोडेसे साधले.

ह्या कायद्यात 'मुले' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. मानवतच्या घरात मात्र आंघोळ घालणे, लुगडे बदलणे, रात्री भांडे देणे, घास भरवणे ही कॅट्झ यांच्या यादीतली जवळजवळ सगळी कामे सूनच करते. कायद्याला तिचे कर्तव्य दिसत नाही आणि तिचे श्रमही दिसत नाहीत. ती आजारी पडली, माहेरी गेली, किंवा बचतगटाच्या कामाला बाहेर पडली की घराची काळजीव्यवस्था त्या दिवसापुरती बंद असते. जगभर ह्या कामातून काही दिवस सुटका देणाऱ्या तात्पुरत्या निवासाची सोय असते. म्हाताऱ्याला आठ-दहा दिवस ठेवून घेतात, सुनेला श्वास घेता येतो. आपल्याकडे हा विचार वृद्धाश्रमवाल्यांनाही फारसा सुचलेला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकाने सून-जावयाला 'मुलां'च्या व्याख्येत घेतले होते, म्हणजे जबाबदारी द्यायला ते तयार झाले. सुटी द्यायचे त्यातही नव्हते.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच वृद्धाश्रमांच्या प्रवेश-अर्जावर दोन अटी असतात: प्रवेशाच्या वेळी व्यक्ती स्वतःची कामे स्वतः करणारी असावी, आणि अंथरुणाला खिळल्यास नातेवाइकांनी घेऊन जावे. चालक दुष्ट असतात म्हणून नव्हे. चाळीस जणांमागे दोन आया असतील तर दुसरे काय लिहिणार? परिणाम मात्र असा, की मदत कमी लागते तोवर संस्था आहे आणि खरी मदत लागते तेव्हा नाही. पायऱ्यांच्या वसाहतीचे मोल नेमके इथे कळते. पंचतारांकित बाग नसली तरी चालेल, पण अंथरूण धरल्यावर कोणी बाहेर काढणार नाही ह्याची हमी हवी. ही हमी पैशावाचूनही दिली जाऊ शकते हे आनंदवनात दिसते. कुष्ठरोगातून बरे झाले तरी घरचे दार बंदच राहिलेली माणसे तिथे म्हातारी झाली, त्यांच्यासाठी 'स्नेहसावली' आहे. इतर ज्येष्ठांसाठी 'उत्तरायण' आहे. दवाखाना, शेती, स्वयंपाकघर आणि स्मशान एकाच आवारात आणि एकाच संस्थेकडे. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ बसवलेल्या त्या वस्तीला कोणी निवृत्तांची वसाहत म्हणणार नाही, तरी पायऱ्यांचा विचार तिथे जितका पुरा झाला आहे तितका पुण्याच्या पुष्कळ प्रकल्पांत झालेला नाही.

सरकारी आरोग्यव्यवस्थेत ह्या पायऱ्या कागदावर जवळजवळ सगळ्या आहेत. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध कक्ष, प्राथमिक केंद्रात आठवड्याला वृद्धांची ओपीडी आणि उपकेंद्राच्या परिचारिकेने घरी भेट देणे, हे सारे लिहिलेले आहे. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत अंथरुणाला खिळलेल्या आणि डिमेन्शिया झालेल्या किमान वीस जणांच्या निवासासाठी संस्थांना अनुदान आहे. आशाताई घरोघर जो समुदाय तपासणी अर्ज भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना-चालताना तोल जातो का, जेवण-आंघोळ-संडासला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का? जपानचा अधिकारी श्रेणी ठरवताना जे विचारतो त्याचाच हा छोटा अवतार. म्हणजे मानवत तालुक्यातल्या कोणत्या गावात कोणाला कोणत्या पायरीची गरज आहे, ही यादी तयार होऊ शकते. उत्तर 'होय' आल्यावर कोणी काय करायचे, ते मात्र कुठे ठरलेले नाही.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण मिळाले. मोडलेला खुबा बदलायला आता शेत विकावे लागणार नाही, हा फार मोठा फरक आहे. पण ती योजना दवाखान्यात दाखल होण्याची. टाके निघाल्यावर घरी येऊन महिनोन्‌महिने लागणारी शुश्रूषा तिच्यात नाही, आणि यश शस्त्रक्रियेइतकेच त्या शुश्रूषेवर अवलंबून असते. शेजारच्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला, वृद्धत्व आरोग्य व मानसिक आजार केंद्र उभारले गेले. मराठवाड्यात अशा नावाची सरकारी संस्था असणे हीच विशेष गोष्ट. २०२० मध्ये तिथे कोविड रुग्णालय झाले आणि जिल्ह्याला त्याचा मोठा आधार मिळाला. बहुतेक मराठवाडा आज त्या इमारतीला कोविडच्याच आठवणीने ओळखतो.

स्मृतिभ्रंशाबद्दल स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, कारण हा शहरी, शिकल्यासवरल्यांचा आजार अशी समजूत आहे. 'लासी'च्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीपुढच्यांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के निघाले. ग्रामीण भागात ते शहरापेक्षा जास्त, स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त, आणि शाळा न पाहिलेल्यांत आणखी जास्त. मानवतच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची सत्तरीची बाई ह्या तिन्ही गटांत बसते. तिला विसरायला होते तेव्हा घरचे 'म्हातारचळ लागला' म्हणतात, ती संशय घेऊ लागली की बाहेरचे पाहणाऱ्याकडे नेतात, आणि ती घराबाहेर पडू लागली की बाहेरून कडी लावतात. नेदरलँड्समध्ये वेस्प गावी २००९ पासून 'होगेवेक' नावाची डिमेन्शिया झालेल्यांचीच वस्ती आहे. दुकान, चौक, बाग सगळे आत, रुग्ण मोकळेपणी हिंडतात. खरे तर आपल्या जुन्या गल्लीत ह्याचा अर्धा भाग आहेच. प्रत्येक ओसरीवरचा माणूस म्हातारीला ओळखतो आणि हात धरून घरी आणतो. कमी आहे ती आजाराची ओळख. एकदा निदान झाले, घरच्यांना कळले की ती मुद्दाम त्रास देत नाही, की कडी लावण्याची वेळ बरीच लांबते.

शेवटच्या पायरीवर महाराष्ट्राने लवकर पाऊल टाकले होते. देशातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्यात सुरू झाले. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. पण पुढे धडा घालून दिला तो केरळने. कोझिकोडमध्ये १९९३ साली सुरू झालेले वेदनाशमनाचे काम शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जाळ्यातून पंचायतींपर्यंत गेले आणि २००८ मध्ये राज्याचे धोरण झाले. परिचारिका रिक्षातून घरी जाते, शेजारचा स्वयंसेवक सोबत असतो, जखम धुतली जाते, लागेल तसे मॉर्फिन दिले जाते. केरळमध्ये पैसा जास्त आहे हे खरे, पण ह्या कामाला इमारत लागत नाही. मराठवाड्यात हॉस्पिस उभारण्याची वाट पाहण्यापेक्षा ह्या वाटेने जाणे शक्य कोटीतले वाटते.

म्हणून मानवतला निवृत्तांची वसाहत हवी का, ह्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. कापसाच्या पेठेत पन्नास फ्लॅटची 'सीनियर सिटीझन टाउनशिप' रिकामी पडेल, किंवा प्लॉटिंगवाल्यांच्या हाती जाईल. हव्या आहेत त्या पायऱ्या, गावातच विखुरलेल्या. आशाताईंच्या अर्जांतून यादी, बचतगटाकडून निवडक घरांना डबा, ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट, तिथेच सुनेला सुटी देण्यापुरत्या चार-सहा खाटा. आणि सर्वांत आधी, रोज दोन तास घरी येणारी शिकलेली बाई.

ही बाई मानवतमध्ये नाही असे नाही. पुण्यातल्या ब्युरोंतून म्हाताऱ्यांच्या देखभालीला येणाऱ्या मावश्यांत मराठवाड्यातून गेलेल्या पुष्कळ असतात. कोथरूडच्या आजींना बारा तास सांभाळणारी बाई आपली सासू गावात जावेच्या पाळीवर ठेवून आलेली असते. कौशल्य विकास योजनेत 'होम हेल्थ एड' आणि 'जनरल ड्यूटी असिस्टंट' असे अभ्यासक्रम आहेत. ते करूनही मुली शहरातच जातात, कारण गावात ह्या कामाचे गिऱ्हाईक विखुरलेले आणि दर न ठरलेला. हिशेब मांडून पाहावा. एका बाईने रोज चार घरे केली आणि घरटी महिना अडीच हजार घेतले, तर दहा हजार होतात. पुण्यातली खोली, जेवण आणि येणेजाणे वजा जाता तिथे हातात उरते त्याच्या हे जवळपास जाते, आणि संध्याकाळी ती स्वतःच्या घरी असते.

पेन्शनवाले घर हे अडीच हजार देईल. हमालाच्या विधवेचे श्रावणबाळचे दीड हजार किराण्यात आणि गोळ्यांत आधीच संपलेले असतात, तिच्यासाठी ते शासनाला किंवा नगरपरिषदेला द्यावे लागतील. आजची अनुदाने मुख्यतः निवासी संस्थेला मिळतात, घरी जाणाऱ्या बाईला नाहीत. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान मानके ही तरतूद २०१९ च्या त्याच दुरुस्ती विधेयकात होती. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला, पण २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तोवर विधेयक मंजूर झाले नव्हते.